थर्मामीटर फुटला तर: लेकरं बाहेर, सोनं उतरवा, केरसुणी लांब ठेवा



मागच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाल्यावर चहा येईपर्यंत गप्पा चालल्या होत्या. एक ताई सहज म्हणाली, "आमच्या घरी ताप मोजायचा थर्मामीटर फुटला, तर लेकरं दोन दिवस त्या पाऱ्याच्या गोळ्यांशी खेळत बसली. काय चमकतात हो त्या!" सगळ्या हसलो. लहानपणी आपणही खेळलोय की. तळहातावर पारा घेऊन इकडून तिकडं पळवायचा, एका थेंबाचे दहा करायचे, परत एक करायचा. मग तिनंच पुढं सांगितलं, की गोळ्या गोळा करताना बोटातल्या अंगठीला पांढरा डाग पडला. सोनाराकडं गेली तर तो म्हणाला, पारा लागलाय. एकीनं विचारलं, "कोणत्या खोलीत फुटला होता?" ती म्हणाली, "आतल्या. सून झोपते तिथं. पाचवा महिना चालूय तिला." त्यानंतर कुणी हसलं नाही.

सुनेला काही झालं नाही, तब्येत चांगली आहे, हे आधीच सांगून टाकते. एक थर्मामीटर फुटला म्हणून घर सोडून पळायची गरज नसते. पण त्या दिवशी काय करायला हवं होतं, हे आमच्यातल्या एकीलाही धड सांगता आलं नाही. म्हणून या महिन्याचा धडा पाऱ्याचा.

पारा हा धातूच आहे, लोखंड-तांब्यासारखा, फक्त आपल्या हवेत तो पातळ राहतो. आणि जड किती? एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, तर एक लिटर पारा भरतो साडेतेरा किलो. लोखंडाचा खिळा त्यावर लाकडासारखा तरंगतो. पण त्याचं वजन किंवा चमक आपला घात करत नाही. घात करते ती न दिसणारी वाफ. पारा उघडा पडला की हळूहळू त्याची वाफ होत राहते. तिला रंग नाही, वास नाही. जितकी उष्णता जास्त तितकी वाफ जास्त. दहा अंश तापमान वाढलं की वाफ जवळपास दुप्पट होते. आता आपल्याकडचा एप्रिल-मे आठवा, आणि वर पत्र्याचं घर. फरशीच्या फटीत अडकलेला एक थेंब तिथं कितीतरी दिवस वाफ सोडत बसतो.

ही वाफ श्वासातून आत गेली की शंभरातला ऐंशी भाग शरीरात राहतो. रक्तातून मेंदूकडं जातो, मूत्रपिंडाकडं जातो, आणि पोटुशी बाई असेल तर नाळेतून बाळाकडं. बाळाचा मेंदू तेव्हा घडत असतो, म्हणून त्याला धोका सगळ्यात जास्त. रांगणाऱ्या लेकराचंही तसंच. पाऱ्याची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत राहते, आणि लेकराचं नाक जमिनीलगतच असतं.

उलटी गोष्ट मात्र बहुतेकींना माहीत नसते. लेकरानं थर्मामीटर चावला आणि पारा गिळला, तर आपण छाती बडवून घेतो. पण गिळलेला पातळ पारा आतड्यातून रक्तात जवळपास जात नाही, शौचावाटे बाहेर पडतो. तिथं खरी भीती काचेची. तोंडात काच आहे का बघा, चूळ भरायला लावा, ओकारी काढायचा प्रयत्न करू नका, मीठ-पाणी पाजू नका, आणि दवाखान्यात दाखवा. म्हणजे गिळलेल्या पाऱ्याला आपण घाबरतो आणि जमिनीवर सांडलेल्या पाऱ्याशी लेकराला खेळू देतो. नेमकं उलटं करतो.

आता घरात पारा असतो कुठं, ते बघू. काचेच्या थर्मामीटरमध्ये चंदेरी रेघ दिसली तर तो पाऱ्याचा समजा. लाल किंवा निळी रेघ असेल तर त्यात रंगवलेलं अल्कोहोल असतं, ते पाऱ्याइतकं धोक्याचं नाही. एका थर्मामीटरमध्ये साधारण एक ग्रॅम पारा. जुन्या डॉक्टरांकडं उभ्या पेटीचं बीपीचं मशीन असायचं, काचेच्या नळीत पारा वर चढणारं, त्यात मात्र ८० ते १०० ग्रॅम. म्हणजे शंभर थर्मामीटर एका पेटीत! ट्यूबलाइट आणि सीएफएल, म्हणजे तो वळ्यावळ्यांचा पांढरा बल्ब, यातही पारा असतो, पण फार थोडा. सीएफएलमध्ये पाच मिलिग्रॅमच्या आसपास. दोनशे बल्ब फुटले तर एका थर्मामीटरएवढा पारा होईल. तेव्हा बल्ब फुटला म्हणून थर्मामीटर फुटल्याइतकं घाबरायचं कारण नाही, पण हयगयही नको.

२०१५ पासून उजाला योजनेतून एलईडी बल्ब स्वस्त झाले आणि सीएफएल मागं पडले. पण गेलेले सीएफएल आपण टाकलेत का? नाही. ते माळ्यावर, देवळीत, शिवणयंत्राच्या खणात पडून आहेत. एलईडीत पारा नसतो. गावातल्या खांबावरच्या जुन्या दिव्याला आपण "मर्क्युरी" म्हणतो ना, ते नाव उगाच पडलेलं नाही. मर्क्युरी म्हणजे पाराच. ग्रामपंचायत जेव्हा ते दिवे उतरवून एलईडी लावते, तेव्हा उतरवलेले दिवे कुठं गेले हे ग्रामसभेत विचारायचा आपल्याला हक्क आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत जुनी हवेचा दाब मोजायची नळी असेल, तर तिच्यातही भरपूर पारा असतो. आणि काही घरांत धान्याच्या कोठीत कीड लागू नये म्हणून पाऱ्याच्या गोळ्या ठेवायची पद्धत आहे. तो उपकरणाचा विषय नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही: खायच्या धान्यात पारा कशाला? धान्य चांगलं कडकडीत वाळवा, कोठी घट्ट झाकणाची घ्या, कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. आधीच्या गोळ्या असतील तर मोजून बाहेर काढा आणि पुढं सांगितलेल्या बाटलीत टाका. एखादी दळणात जाऊ देऊ नका.

थर्मामीटर फुटला, तर काय?

पहिलं काम, लेकरं, गरोदर बाई, कुत्रं-मांजर, कोंबड्या सगळे खोलीबाहेर. पारा पायाखाली गेला असेल त्यांच्या चपला तिथंच दाराशी ठेवायला लावा, नाहीतर तो घरभर जातो. बाहेरच्या बाजूचं दार-खिडकी उघडा, घरातल्या इतर खोल्यांचं दार लावून घ्या. पंखा आणि कूलर बंद. वाऱ्यानं थेंब आणि वाफ दोन्ही पसरतात. चूल, शेगडी पेटलेली असेल तर विझवा. पाव तास तसंच राहू द्या.

दुसरं, अंगावरचं सोनं-चांदी उतरवा. अंगठी, सोन्याच्या बांगड्या, घड्याळ, पायात जोडवी असतील तर तीही. मंगळसूत्र काढायचं मनाला पटत नसेल तर ते ब्लाउजच्या आत नीट खोचा आणि वर पदर बांधा, पण वाकताना ते लोंबकळता कामा नये. पारा सोन्याला चिकटला की सोन्यात शिरतो, घासून निघत नाही. मग ते सोनं सोनार भट्टीत तापवतो आणि तो पारा सोनाराच्या छातीत जातो. काचेच्या बांगड्यांना काही होत नाही.

तिसरं, केरसुणीला हात लावू नका. ही सगळ्यात नेहमीची चूक, कारण काही सांडलं की आपला हात आपोआप केरसुणीकडं जातो. झाडलं की एका मोठ्या थेंबाचे शंभर बारीक थेंब होतात, फटीत बसतात, आणि केरसुणीत अडकलेला पारा उद्या चुलीपुढं जातो. पोछाही नको. पाण्यानं धुऊन मोरीत तर मुळीच नको.

मग गोळा कसा करायचा? हातमोजे नसतील तर दोन्ही हातांत दुधाच्या किंवा दुकानातल्या प्लास्टिक पिशव्या घाला आणि मनगटाला दोरीनं बांधा. जुनी लग्नपत्रिका असतेच घरात. तिचे दोन तुकडे करा, एकानं थेंब हळूच दुसऱ्यावर ढकला. थेंब थेंबाजवळ नेला की ते आपणच एक होतात, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. सुई काढलेली सिरिंज किंवा औषधाचा ड्रॉपर असेल तर त्यानं ओढून घेता येतो. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत तळाला थोडं पाणी घालून ठेवा आणि पारा त्यात सोडा. वर पाणी असलं की वाफ कोंडून राहते. काचेचे तुकडे जाड बरणीत वेगळे. शेवटी खोलीत थोडा अंधार करून बॅटरी जमिनीला टेकवून आडवी मारा, उरलेले बारीक थेंब चांदण्यांसारखे चमकतात. ते चिकटपट्टीनं उचला आणि ती पट्टीही बरणीतच टाका.

घरी गंधकाची भुकटी असेल तर उत्तम. द्राक्षावर, भाजीवर भुरीसाठी धुरळतात तीच. ती फटींवर भुरभुरवा. गंधक पाऱ्याला धरून ठेवतो, त्याची वाफ होऊ देत नाही. नंतर ती ओल्या कागदानं टिपून घ्या. विस्तवाजवळ मात्र गंधक नेऊ नका.

पुस्तकांत ही माहिती असते ती फरशीच्या घरासाठी. आपल्यातल्या किती जणींचं घर अजून शेणानं सारवलेलं आहे? मातीच्या जमिनीवर पारा सांडला तर तो मुरतो, गोळा होत नाही. तिथं उलथन्यानं थेंब पडले तेवढ्या जागेची माती खरवडून काढा, आजूबाजूची वीतभर जास्त घ्या, आणि प्लास्टिकच्या डब्यात भरून झाकण लावा. मग नवी माती टाकून सारवा. ते उलथनं परत तव्यावर नको. गोधडीवर, वाकळेवर पडला असेल तर ती धुऊ नका, तेवढा भाग कापून बरणीत घाला. आईनं शिवलेली गोधडी कापायला जीव होत नाही हे मला कळतं. पण ती धुतली तर पारा नदीवर जाईल, आणि पांघरली तर लेकराच्या नाकाशी.

हे झाल्यावर हात साबणानं स्वच्छ धुवा आणि निदान एक दिवस त्या खोलीत कुणी झोपू नका, दार-खिडकी उघडी ठेवा. नंतर कुणाला खोकला, दम, तोंडात धातूची चव, मळमळ असं वाटलं तर आशाताईला कळवा आणि दवाखाना गाठा. डॉक्टरांना "पारा सांडला होता" हे आपणहून सांगा, त्यांना ते दिसत नाही.

सीएफएल किंवा ट्यूब फुटली तरी जवळपास हेच: सगळ्यांनी बाहेर, दहा-पंधरा मिनिटं हवा खेळू द्या, पुठ्ठ्यानं काच गोळा करा, पांढरी भुकटी ओल्या कागदानं टिपा, सगळं बरणीत. बीपीचं मशीन फुटलं तर मात्र स्वतः हात घालू नका. शंभर ग्रॅम पारा घरी गोळा करायचं काम नाही. खोली रिकामी करा, दार लावा, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.

काही झालं तरी पारा लागलेली वस्तू चुलीत, बंबात किंवा कचऱ्याच्या ढिगात पेटवू नका. विस्तवात सगळाच्या सगळा पारा क्षणात वाफ होतो, आणि फुंकणी धरून बसलेली बाई तो ओढून घेते.

बाटली भरली. आता ती कुठं न्यायची?

इथं आपली खरी अडचण आहे आणि ती मी लपवणार नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत फुटलेले थर्मामीटर आणि गेलेले सीएफएल यांना घरगुती घातक कचरा म्हटलं होतं. तो वेगळा ठेवायचा, वेगळा द्यायचा. पण ते नियम मुख्यतः शहरांसाठी लिहिलेले होते. छत्रपती संभाजीनगरात राहणारी बाई घंटागाडीवाल्याला तो वेगळा देऊ शकते, कन्नड-सोयगावच्या वाडीवरच्या बाईकडं घंटागाडी येतच नाही. तिच्या दारात येतो तो भंगारवाला.

भंगारवाल्याला द्यायचं नाही, हे सांगताना मला तमिळनाडूतल्या कोडाईकनालची गोष्ट आठवते. थंड हवेचं डोंगरातलं गाव. तिथं थर्मामीटरचा मोठा कारखाना होता, १९८० च्या दशकात अमेरिकेतून उचलून आणलेला, पुढं हिंदुस्तान लिव्हरच्या ताब्यात आलेला. २००१ साली गावातल्या एका भंगाराच्या वखारीत पारा लागलेल्या फुटक्या काचेचा ढीग लोकांनी शोधून काढला, थोडाथोडका नाही, सात टनांच्या वर. आसपास वस्ती, शाळा. लोक रस्त्यावर आले आणि त्याच वर्षी कारखाना बंद झाला. तिथं काम केलेल्या ५९१ कामगारांशी कंपनीची तडजोड व्हायला २०१६ उजाडलं. पंधरा वर्षं गेली. भंगाराच्या वखारीत माल फोडायला आणि निवडायला बहुतेक ठिकाणी आपल्यासारख्याच बाया असतात. आपण किलोवर विकलेली ट्यूब त्यांच्या हातानं फुटते.

उकिरड्यावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळच्या खड्ड्यात टाकायचं नाही, याचं कारण जपानमधल्या मिनामाता गावानं जगाला शिकवलं. एक रासायनिक कारखाना पारा मिसळलेलं पाणी समुद्रात सोडत होता. पाण्यात गेल्यावर त्याचं जास्त विषारी रूप मासळीत साठत गेलं. आधी गावातली मांजरं वेड्यासारखी नाचून मरू लागली, मग माणसांचे हातपाय थरथरू लागले. १९५६ साली हा आजार अधिकृतपणे नोंदला गेला. वरून धडधाकट दिसणाऱ्या आयांच्या पोटी अपंग बाळं जन्मली. त्या गावाच्या नावानंच आज पाऱ्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार आहे आणि भारतानं तो २०१८ मध्ये मान्य केला. आपल्या भागात अशी वेळ आलेली नाही, आणि एका बल्बनं येणारही नाही. पण शहराला आणि कितीतरी गावांना पाणी पुरवणारा नाथसागर आपल्याच जिल्ह्यात आहे, त्यातली मासळी आपण खातो, आणि आपले बहुतेक ओढे फिरून फिरून गोदावरीला मिळतात.

कचरा एकाच्या दारातून उचलून दुसऱ्याच्या दारात टाकला की काय होतं, हेही आपल्याला बाहेरून शिकायला नको. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव-मांडकी भागातल्या गावकऱ्यांनी शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं शहराचा सगळा कचरा त्यांच्या उशाला पडत होता. प्रकरण उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंत गेलं आणि तिथं कचरा टाकणं थांबलं. तोपर्यंत शहरातल्या कुणाला प्रश्न पडला होता, आपला बल्ब शेवटी कुठं जातो?

मग आपण काय करू शकतो? एकेकट्या बाईनं एक बाटली घेऊन तालुक्याला जाणं होणार नाही. पण ग्रामसंघ हे करू शकतो. ग्रामसंघानं झाकणाचं एक मजबूत प्लास्टिकचं पिंप ठेवावं, त्यावर ठळक अक्षरात "पारा – धोका – उघडू नये" लिहावं. ते कुठं ठेवायचं हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याशी बोलून ठरवा. अंगणवाडीत आणि धान्याच्या खोलीत नको. कुलपाची, सावलीतली, हवा खेळणारी जागा हवी. न फुटलेल्या ट्यूब त्यांच्याच खोक्यात किंवा पुठ्ठ्यात गुंडाळून उभ्या ठेवा, दोरीनं आवळून फोडू नका. वहीत तारीख आणि नग लिहा. पिंप भरलं की ग्रामपंचायतीच्या पत्रासह पंचायत समितीला कळवा आणि एक प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या छत्रपती संभाजीनगरातल्या प्रादेशिक कार्यालयाला द्या. गेलेले बल्ब-ट्यूब ई-कचऱ्यात मोडतात, तेव्हा परवानाधारक ई-कचरावाला ते घेऊ शकतो. बाकी पारा घातक कचऱ्याच्या प्रकल्पात जायला हवा, तसा एक पुण्याजवळ रांजणगावला आहे. तिथं जाईपर्यंत महिने लागतील, पत्रं परत लिहावी लागतील. बँकेचं कर्ज मंजूर करून घेताना आपण किती खेटे घातले ते आठवा. हे त्याहून सोपं आहे. आणि तोपर्यंत बंद बाटलीत पाण्याखाली असलेला पारा कुणाला त्रास देत नाही, हे महत्त्वाचं.

नवीन घेताना डिजिटल थर्मामीटर घ्या. केंद्र सरकारनं आपल्या रुग्णालयांना २०१० सालीच पाऱ्याची उपकरणं टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितलं होतं. "डिजिटल खोटं दाखवतं" असं काही जणी म्हणतात. बहुतेक वेळा त्याचा सेल उतरलेला असतो किंवा बीप वाजायच्या आधीच आपण तो काखेतून काढतो. एक सावधगिरी मात्र हवी: त्यातला बटणासारखा छोटा सेल लेकरानं गिळला तर ती खरी तातडीची वेळ. तो अन्ननलिका जाळतो, काही तासांत. घरी वाट बघू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. जुना सेल काढला की चिकटपट्टीत गुंडाळून उंचावर ठेवा.

पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येकीनं घरातला माळा, देवळी आणि कोठी तपासायची आहे. चंदेरी रेघेचे थर्मामीटर किती, गेलेले सीएफएल आणि ट्यूब किती, कोठीत पाऱ्याच्या गोळ्या आहेत का, आणि गावात कुणाकडं जुनं बीपीचं मशीन आहे का, एवढं कागदावर लिहून आणा. सचिव ताई सगळ्या गटांची बेरीज करतील आणि त्यावरून पिंप केवढं लागतं ते ठरवू. फक्त यादी आणा, वस्तू आणू नका. ते मशीन पिशवीत घालून एसटीत बसणारी एखादी निघतेच, म्हणून आधीच सांगून ठेवते.